तिसरी घंटा सत्काराची

नागपूरहून मी चिडून परत आलो, हे आधीच सांगून टाकतो. संत्र्यांच्या बागांचं वर्णन वाचायला मिळेल म्हणून कुणी सांगलीकर पाय पसरून बसला असेल, तर त्याने फार आशा धरू नये. संत्री येतील, पण अगदी शेवटी, आणि तीही थोडी.

निघताना मात्र मी मजेत होतो. रेल्वेच्या डब्यात खिडकीची जागा मिळाली होती आणि मांडीवर चष्म्याची एक मोठी पेटी होती. सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. पेटीतला चष्मा मी स्वतः जुळवलेला होता. जाड चौकट आणि दोन्ही भिंगांवर बसवलेल्या दोन बुटक्या दुर्बिणी. दिसायला अगदी विचित्र, पण मला त्याचा अभिमान वाटत होता. शेजारच्या प्रवाशाला मी तो न विचारता दाखवलाही.

चष्मा माझ्या थोरल्या बहिणीसाठी होता. आक्काला नागपूरकडे नरखेड तालुक्यात दिली त्याला इतका काळ लोटला आहे की तिच्या बोलण्यातली सांगली पार पुसून गेली आहे. अलीकडे तिच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग आला आहे. कडेचं दिसतं, समोरचं जातं. माणसाचं तोंड पाहायचं तर ती त्याच्या कानापलीकडे बघते, म्हणजे तोंड कडेला येऊन थोडंफार सापडतं. डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत. डाग वाढणार नाही असं मात्र कुठलाच डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाही.

आणि तिची लेक रेणुका नागपुरात नाटकात काम करणार होती. मुख्य भूमिका. रेणुका हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरी करते, कंपनीच्या बसने येते-जाते आणि शिफ्ट संपली की तालमीला पळते. आक्काने तिचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. कधी ओलिताची वेळ, कधी जळलेला पंप, कधी आमच्या दाजींचं दुखणं, काही ना काही आडवं यायचं. या खेपेला तिने मला फोन केला. म्हणाली, "डोळे आहेत तंवर एकडाव पाहून घ्यायचं आहे गा मले. तू येतं का?"

येतो म्हणालो. रेणुकाला एवढंच बजावलं की तिकिटं पहिल्या रांगेतली काढ. असल्या चष्म्यातून जवळचंच नीट दिसतं. लांबून पाहिलं तर सगळं थरथरतं. तिने पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या घेऊन ठेवल्या.

नागपूरला सकाळी उतरलो तो कुडकुडतच. तिथल्या उन्हाची इतकी वर्णनं ऐकली होती की स्वेटर घ्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. कानाला मफलर गुंडाळलेल्या रिक्षावाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "काकाजी, बारा महिने उन्हाळा असते असं कोण सांगून राहिलं तुम्हाले?" असं म्हणून त्याने आपणहून सीटखालची एक जुनी शाल काढून दिली. तिला पेट्रोलचा वास होता, पण मी ती हिंगणा रोडवर रेणुकाच्या खोलीपर्यंत सोडली नाही. नागपूरची माणसं वाईट नाहीत, हे त्या शालीसाठी मी इथे नमूद करतो, कारण पुढे मला ते म्हणायला सवड मिळणार नाही.

आक्का आदल्या दिवशीच एसटीने आली होती. येताना तिने संत्र्यांचं एक बोचकं आणि डबाभर सांबारवड्या आणल्या होत्या. मला वाटलं, इडलीबरोबरचं सांबार. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कोथिंबीर, खोबरं, खसखस ठासून भरलेली ती खुसखुशीत वडी मी सलग खात सुटलो. नंतर कोपऱ्यावर तर्री-पोहे खायला गेलो. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक, तेलाचा तवंग असलेला रस्सा. "कोल्हापूरच्या शेजारचा आहे मी," असं टपरीवाल्याला ऐकवून मी पळीभर जास्त मागितली आणि ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढलं. आक्का पोट धरून हसली.

"दुपारी नाटकातही मिरचीच आहे मामा," रेणुका म्हणाली. "आत्तापासून सवय करा."

नाटक त्यांच्या मंडळानेच लिहिलं होतं. मिरची बाजाराच्या आवारात देठ खुडणाऱ्या एका बाईची गोष्ट. त्या बाया ठसका लागू नये म्हणून तोंडाला फडकं बांधतात. ही बाई नाटकभर फडकं बांधून असते, जे बोलते ते त्याच्याआडून. शेवटच्या प्रवेशात ती मालकासमोर उभी राहून फडक्याची गाठ सोडते आणि पहिल्यांदा तोंड उघडं करून बोलते. त्या प्रवेशासाठीच सगळं नाटक उभं केलेलं. अंगावर आक्काचं हिरवं लुगडं असणार होतं, लाल काठांचं.

"तिचं तोंड मले माहीत आहे," आक्का मला हळूच म्हणाली. "पण ते आईसमोरचं तोंड. लोकायसमोर ते कसं दिसते, ते पाहाचं आहे."

थिएटरच्या दारात पाऊल टाकलं की मी अजूनही बावळटासारखा आनंदतो. दारातली रांगोळी, कुणाच्या तरी गजऱ्याचा वास, जुन्या ओळखी निघाल्यामुळे वाट अडवून उभे राहिलेले लोक, पडद्याआड खिळा ठोकल्याचा आवाज, उदबत्तीचा बाहेर येणारा धूर. घरी पडद्यावर काय वाटेल ते दिसत असताना माणसं कपडे बदलून, रिक्षा करून, जिवंत माणसांसमोर येऊन बसतात, याचं मला फार अप्रूप आहे. आक्काचा हात धरून मी उतारावरून खाली पहिल्या रांगेकडे निघालो तेव्हा मला अगदी छान वाटत होतं. इथवरच छान. पुढे नाही.

पहिल्या रांगेच्या पुढ्यात पांढऱ्या खोळी घातलेले सोफे मांडले होते आणि त्यांच्या लगेच मागच्या चार रांगांच्या खुर्च्यांवर 'राखीव' असे कागद चिकटवले होते. आमच्या खुर्च्यांवरही. छातीवर सोनेरी फितीचा बिल्ला लावलेले एक गृहस्थ आडवे आले.

"इथं नाही काकाजी. हे पाहुण्यायसाठी आहे."

"आमची तिकिटं याच खुर्च्यांची आहेत."

"हो, पण ते मागाहून ठरलं ना. मागं बसा. सगळीकडून सारखंच दिसते."

सगळीकडून सारखंच दिसतं, हे वाक्य त्यांनी चष्म्याच्या दुकानदाराला ऐकवलं. मी त्यांना आक्काच्या डोळ्यांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, हळहळले, आणि मागच्या दाराजवळच्या दोन खुर्च्या दाखवल्या. मी आवाज चढवला. आक्काने माझी बाही ओढली.

"चाल गा. लेकीचं नाटक आहे. तमाशा नको."

मागे जाऊन बसलो. घंटा झाल्या. नाटकाला न जाणाऱ्याला सांगून कळायचं नाही, पण तिसरी घंटा म्हणजे माझ्यासाठी एक पवित्र गोष्ट आहे. दिवे मंदावतात, कुजबूज थांबते, खोकणारेही दम धरतात. पडद्याआड लोक रंगमंचाला हात लावून नमस्कार करत असतात. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, आक्काने चष्मा चढवला. पडदा वर गेला.

आत टेबल होतं. त्यावर पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, मागे खुर्च्या, आणि त्यामागे एक फलक. फलकावर पाहुण्यांचे चेहरे माणसाएवढे आणि नाटकाचं नाव कोपऱ्यात, चेपून बसवलेलं.

तिसरी घंटा यांनी सत्कारासाठी वाजवली होती. आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रमुख पाहुणे आलेलेच नव्हते. ते येईपर्यंत निवेदकाने त्यांचा परिचय करून दिला. ते आल्यावर तो पुन्हा करून दिला. पंख्याच्या वाऱ्याने समई पेटेना, तर पंखा बंद करणारा माणूस शोधायला दुसरा माणूस गेला. मग शाली. मग नारळ. शाल पांघरवायची, फोटोवाला "इकडे पाहा साहेब" म्हणायचा, फोटो नीट आला नाही म्हणून शाल काढून पुन्हा पांघरवायची. ज्यांनी शाली पांघरवल्या त्यांनाही कुणीतरी शाली पांघरवल्या. पाहुणे भाषणात म्हणाले की कामाच्या व्यापामुळे नाटक पाहायला वेळ मिळत नाही, पण कलावंतांबद्दल त्यांना फार आदर आहे. तो आदर त्यांनी बराच वेळ व्यक्त केला. मागच्या काळ्या पडद्याआड मिरच्यांच्या ढिगाशेजारी माझी भाची तोंडाला फडकं बांधून उभी होती.

भाषण संपलं आणि पाहुणे उठले. पुढचा कार्यक्रम होता म्हणे. त्यांच्याबरोबर सोफे उठले, चारही राखीव रांगा उठल्या, फोटोवाला गेला. नाटक सुरू झालं तेव्हा पुढचा सगळा भाग ओसाड पडला होता.

मी आक्काला उठवलं आणि अंधारात खाली नेऊ लागलो. बिल्लेवाले गृहस्थ तिथेच होते.

"काहून आले काकाजी परत?"

"रिकाम्या आहेत ना आता?"

"पाहुणे वापस येऊ शकतात. आम्हाले तसं सांगितलं आहे."

यावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. भोवतालचे लोक शुक शुक करू लागले, कुणीतरी "खाली बसा हो" म्हणालं, आणि ते त्यांचं बरोबरच होतं, कारण रंगमंचावर रेणुका आली होती. आम्ही मागे परतलो.

आक्काने चष्मा नीट केला. थोड्या वेळाने बॅटरीचा झोत थेट तिच्या डोळ्यांवर पडला. दुसरा एक बिल्ला. "मावशी, शूटिंग मना आहे. तो कॅमेरा द्या." मी त्याचं मनगट धरून बॅटरी खाली वळवली. कॅमेरा नाही, चष्मा आहे, हे पटवेपर्यंत एक अख्खा प्रवेश गेला. दरम्यान आमच्या पुढच्याच ओळीत तीन जण मोबाइल उंच धरून खुशाल चित्रण करत होते. त्यातल्या एकाला मध्येच फोन आला आणि तो त्याने घेतला. "नाटकात बसून राहिलो," असं तो पलीकडच्याला सांगत होता.

झोताने आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिचे डोळे पुसता पुसता मी विचारलं, काही दिसतं का.

"हिरवं काही तरी हालून राहिलं," ती म्हणाली.

मध्यंतरात पुन्हा टेबल आलं. ज्यांनी पाहुण्यांना आणलं होतं, त्यांचा सत्कार. मी समोशाच्या रांगेत न थांबता मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. घामाघूम झालेला, भला माणूस वाटला.

"तुमचं पटते भाऊ," ते म्हणाले. "पण पाहुणे नाही बोलावले तर पुढच्या डावाले हॉल भेटत नाही. मंडळ चालवाचं कसं मंग?"

"मग मंडळ कशासाठी चालवता?"

मग स्वतः येऊन त्यांनी आक्काचा हात धरला, तिला खाली नेलं आणि मधल्या सोफ्यावर बसवलं. बिल्लेवाले बाजूला झाले.

आणि मग जरा वेळ, फार थोडा वेळ, सगळं हवं तसं झालं. रेणुका दहा पावलांवर होती. फडक्याआडून येणारा तिचा आवाज आधी दबलेला होता आणि प्रवेशागणिक वर येत होता. देठ खुडणारी तिची बोटं थांबतच नव्हती. आक्का मान जराशी वळवून विंगेच्या कडेला बघत होती. बाजूच्याला वाटलं असेल, म्हातारीचं लक्ष नाही. "काठ दिसून राहिला," ती कुजबुजली. "नीट नेसली आहे." मी अंधारात बसून मूर्खासारखा हसत होतो.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. मालक खुर्चीत. रेणुका उभी राहिली, त्याच्याकडे तोंड केलं, मग आमच्याकडे. दोन्ही हात मानेमागे गाठीवर गेले. आक्का पुढे सरकली.

आणि प्रेक्षागृहातले सगळे दिवे लागले.

विंगेत हॉलचे व्यवस्थापक उभे होते. दुपारची वेळ संपली होती. संध्याकाळी दुसऱ्या कुणाचा तरी समारंभ होता, त्यांची फुलं दारात येऊन पडली होती. पडदा खाली आला. रेणुकाचे हात गाठीवर तसेच होते, हे मी पडदा टेकेपर्यंत पाहिलं.

लोकांना वाटलं, नाटक संपलं. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. माझ्या मागचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "शेवट भारी केला ना. विचार कराले लावलं." निवेदक पडद्यापुढे आला आणि त्याने उरलेल्या वेळात पाहुण्यांचे आभार मानले. उरलेला वेळ त्यासाठी होता.

आम्ही आत गेलो. टेबल-खुर्च्या उचलणाऱ्यांच्या गर्दीत रेणुका मिरच्यांच्या पोत्यावर बसली होती. फडकं अजून तोंडावर होतं. अध्यक्ष तिच्याशी काही बोलू पाहत होते, ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आक्का चाचपडत तिच्याजवळ गेली.

"सोड वं ते. मले बोलून दाखव. इथंच दाखव."

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. मलाही वाटलं, बरं झालं, निदान हे तरी होईल.

रेणुका उठली. "नाही आई. इथं नाही."

"काहून वं?"

"इथं केलं तर ते बरोबर ठरतात. शाली स्टेजवर, नाटक मागं गोदामात. मी तिथं करीन," तिने पडद्याकडे बोट दाखवलं, "दिवे लावून, लोकायसमोर. तू तिथं पाहशीन." तशीच फडक्यासकट ती कपडे बदलायला निघून गेली.

मला तिचा राग आला, हेही सांगतो. दोन मिनिटांचं काम, समोर आई उभी, आणि हिचा ताठा. मी तसं बोललोही. आक्काने माझ्या हातावर थाप मारली.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "परत येतो मी."

दुसऱ्या दिवशी आक्काने मला गाडीत बसवलं तेव्हा संत्र्यांचं बोचकं माझ्याकडे आलं होतं. रात्रभराच्या प्रवासात डब्यातल्या सगळ्यांनी ती खाल्ली. पातळ सालीची, रसाळ, जराशी आंबट. सगळे वाखाणत होते आणि मी एकही तोंडात घातलं नाही. मला राग आला की माझी भूक जाते.

सांगलीला आल्यावर मी ही हकीकत ज्याला त्याला सांगितली. बहुतेकांनी म्हटलं, आपल्याकडेही असंच असतं. त्यात "आपल्याकडेही" म्हणताना त्यांना हायसं का वाटतं, ते मला समजत नाही. कलेवर प्रेम करणारी माणसं या देशात मुबलक आहेत. ती प्रेम व्यक्त करतात, शाल घेतात आणि नाटक सुरू व्हायच्या आत जातात.

उन्हाळा लागता लागता रेणुकाच्या मंडळाला नागपूरजवळच्या कळमेश्वरला प्रयोग मिळाला. प्रमुख पाहुण्याशिवाय तिथलेही आयोजक ऐकेनात. तेव्हा रेणुकाने आईचं नाव घातलं. फलकावर आक्काचा फोटो, मधला सोफा आक्काचा. दुकानामुळे मला जाता आलं नाही. रेणुकाने फोनवर सांगितलं ते असं : आक्काने आधीच बजावलं की तिसरी घंटा आपल्यासाठी वाजवायची नाही. घंटा व्हायच्या आधी तिला वर नेलं. शाल तिने घडी घालून काखेत धरली आणि माइकवर म्हणाली, "बसा सगळे. लेकीले पाहू द्या मले." एवढंच भाषण. मग घंटा झाली आणि नाटक सुरू झालं, शेवटपर्यंत झालं.

मी रेणुकाला फोन आक्काकडे द्यायला सांगितलं.

"चष्मा लावला होता ना?"

"लावला होता गा."

"दिसलं?"

"काठ दिसला. हात दिसले, गाठ सोडतानी. फडकं खाली पडलं तेही दिसलं." मग म्हणाली, "तोंडाच्या जागी डागच होता. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. डाग मोठा झाला आहे आता. आवाज आयकला मी. मोठा आहे तिचा आवाज."

तिलाच माझी समजूत घालावीशी वाटली असावी. "जाऊ दे गा," ती म्हणाली, "कायले तापून राहिला."

तापतो, कारण हिवाळ्यात, नागपूरला, त्या मधल्या सोफ्यावरून तिला तोंड दिसलं असतं. जन्मभर मी भिंगं घासली आहेत, मला कळतं. दिसलं असतं.